गेटबाहेरचं घर

घोडेगावाहून शिनोलीकडं निघालं की डाव्या हाताला समर्थनगर लागतं. नगर म्हणजे तेरा घरं, एक बोअर आणि मधून गेलेला एक रस्ता. शेताचे प्लॉट पाडून विकले, तेव्हा मास्तर, बँकेतला क्लार्क, एसटीतले दोन कंडक्टर असे नोकरदार लोक तिथं येऊन राहिले. रस्त्याला लागून पहिलं घर वाव्हळांचं. नवनाथ वाव्हळ विजेच्या ऑफिसात वायरमन आणि त्याची बायको ज्योत्स्ना ग्रामीण रुग्णालयात सिस्टर. नवनाथची आई, बायडाबाई, लोणीहून कायमची राहायला आलेली. ती सकाळी ओट्यावर बसायची ते दिवेलागणीला उठायची. नगरात जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागे, त्यामुळं कोण आलं, कोण गेलं आणि कोणाच्या पिशवीत काय होतं, हे तिला न विचारता ठाऊक असे.

दोन हजार तीन सालच्या श्रावणात, भर दुपारी, एक टेम्पो तिच्यासमोर येऊन थांबला. इस्त्रीचे शर्ट घातलेले दोन तरुण उतरले. "आजी, गॅसच्या टाक्या बदलायच्यात. काळे गुरुजींचं घर कुठलं?" बायडाबाईनं घर दाखवलं. पोरं घामानं भिजली होती म्हणून आधी तांब्याभर पाणी दिलं. गुरुजी त्या दिवशी बायकोला घेऊन मंचरला डॉक्टरकडं गेले होते. पोरांनी मागच्या पडवीतल्या दोन्ही टाक्या उचलल्या, शेजारच्या घराची पाण्याची मोटर उचलली आणि जाताना एकानं हात हलवून "येतो आजी" म्हटलं. "या," बायडाबाई म्हणाली.

हवालदार चौकशीला आला. त्यानं विचारलं, "वर्णन सांगा आजी."

"चांगल्या घरची पोरं व्हती. पाणी पिऊन तांब्या पालथा घातला."

हवालदारानं तेवढंच लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी गुरुजींच्या पडवीत प्लॉटधारक संघाची सभा भरली. हौशीराम काळे गुरुजी संघाचे अध्यक्ष. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण ते शाळेला कळवायचं राहून गेल्यासारखे ते वागत. सचिव ज्योत्स्ना होती. पहिल्या सभेत गुरुजींनी "अक्षर कुणाचं चांगलं आहे?" असं विचारल्यावर सगळे पुरुष आपापल्या चपलांकडं बघायला लागले होते, तेव्हापासून इतिवृत्ताची वही तिच्याकडंच होती.

गुरुजींनी सुरक्षेचे नऊ नियम घरूनच लिहून आणले होते. नगराला लोखंडी गेट. गेटवर वॉचमन. गेटबाहेरून येणाऱ्यानं वहीत नाव, कुठून, कुणाकडे, कशासाठी आणि वेळ लिहायची. मग वॉचमननं त्या घरी जाऊन विचारायचं आणि घरच्यांनी हो म्हटलं तरच माणसाला आत सोडायचं. "अपवाद नाही," गुरुजी म्हणाले. "एकाला सोडलं की उद्या सगळेच म्हणतील, मलाही सोडा." ज्योत्स्नानं हे वाक्यही लिहून घेतलं.

मग गेट कुठं बसवायचं ते ठरवायला सगळे रस्त्यावर आले. सात नंबरचे कुंडलिक बांधकामाची कामं घेत. त्यांनी घमेल्यातून चुन्याची फक्की आणली आणि रस्त्यावर आडवी रेघ ओढली. रेघ वाव्हळांच्या घराची भिंत संपली तिथं, दोन नंबरच्या प्लॉटआधी पडली.

"कुंडलिकभाऊ, रेघ चुकली का?" ज्योत्स्नानं विचारलं. "आमचं घर बाहेर राहतंय."

"चुकली न्हाई सिस्टर. तुमच्या म्होरं रस्त्याखालची मोरी हाय. मोरीवर खांब धरत न्हाई."

"मोरीच्या पलीकडं घेतलं तर?"

"पलीकडं सरकारी रस्त्याची हद्द लागती."

"आणि ताई," गुरुजी म्हणाले, "तुमच्या घरी कायम माणूस असतं. तुम्हाला तशी गेटची गरजच नाही."

त्यांतलं कुठलंही एक कारण असतं तर ज्योत्स्नाला पटलं असतं. तिन्ही एकदम आली तेव्हा त्यातलं एकही पटेना. चौथं कारण कोणी बोललं नाही. सगळे वाकून मोरी बघत होते, जणू ती आजच तिथं आली होती.

"सर्वानुमते लिहू?" तिनं विचारलं.

"अर्थात."

"आमच्या घरचं मत व्हायचंय. हे शिनोलीला खांबावर आहेत."

"ते हो म्हणतील," गुरुजी म्हणाले. "लिहा."

तिनं लिहिलं.

संध्याकाळी नवनाथनं जेवताना सगळं ऐकून घेतलं आणि "अर्ज करू" म्हणाला. कोणाकडं करायचा ते त्यालाही माहीत नव्हतं. बायडाबाई भाकरी कुस्करत होती. "लोणीत आपली घरं गावाच्या भाईर व्हती," ती म्हणाली. "हितं नगराच्या भाईर. पर हितं चिखल लई कमी हाय."

"आई, गप."

"मी कुठं काय म्हनलं? रस्ता चांगला हाय म्हनलं."

ज्योत्स्ना ताट घेऊन उठली. तिचा जन्म जुन्नरचा. वडील नोकरीला होते, त्यामुळं ती क्वार्टर्समध्ये वाढली. लोणीतलं ते सासरचं घर तिनं लग्नानंतर चार-दोन दिवसच पाहिलं होतं. हा प्लॉट घेताना तिनंच हट्ट धरला होता. पत्ता सांगितला तर ऐकणाऱ्याला नुसता पत्ता कळावा, बाकी काही कळू नये, एवढंच तिला हवं होतं. 'प्लॉट नंबर एक, समर्थनगर' असं ती फॉर्मवर लिहायची तेव्हा तिचं अक्षर नेहमीपेक्षा सुबक येई.

गणपती उठले आणि गेट उभं राहिलं. हिरवा रंग, वर अर्धगोल कमान. वॉचमन म्हणून सोमाजी नावाचे म्हातारे गृहस्थ मढहून आले. त्यांना खाकी शर्ट, शिट्टी आणि एक खुर्ची मिळाली. गेटच्या आत सावली नव्हती. सावली होती ती वाव्हळांच्या कडुलिंबाची. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला सोमाजींनी खुर्ची उचलून बाहेर आणली, बारा वाजता खुर्ची सोडून ते ओट्यावर बायडाबाईजवळ बसले आणि वहीही तिथंच आली. आता आलेले पाहुणे ओट्यावर टेकायचे, बायडाबाई त्यांची सगळी विचारपूस करायची आणि त्यातलं थोडंसं सोमाजी वहीत लिहायचे.

गुरुजींच्या बायकोला, साळुबाईंना, साखरेचं दुखणं होतं. दोन वर्षांपासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी ज्योत्स्ना त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला जायची. गेट सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती गेटशी आली आणि थांबली.

"सोमाजीबाबा, वही द्या."

"तुमाला कशाला वही, सिस्टरबाई?"

"नियम आहे. मीच लिहिलाय."

तिनं लिहिलं. नाव, ज्योत्स्ना नवनाथ वाव्हळ. कुठून, गेटबाहेरून. कुणाकडे, सौ. साळुबाई काळे. कशासाठी, इंजेक्शन. वेळ, सात वाजून पाच मिनिटे. "आता जाऊन विचारून या," ती म्हणाली.

गुरुजींचं घर अकरा नंबरला, जवळजवळ टोकाला. सोमाजींचे गुडघे दुखायचे. ते हळूहळू गेले. गुरुजी अंगणात दात घासत होते.

"सिस्टरबाई आल्यात. सोडू का?"

"अहो, ती रोजच येते! सोडा की."

सोमाजी हळूहळू परत आले. ज्योत्स्ना आत गेली, इंजेक्शन दिलं, परत येऊन बाहेर पडल्याची वेळ लिहिली आणि कामावर गेली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी गुरुजींनी तिला अंगणातच गाठलं.

"ताई, तुम्ही कशाला वहीत लिहिता? तुम्ही काय परक्या आहात का?"

"गुरुजी, एकाला सोडलं की उद्या सगळेच म्हणतील, मलाही सोडा."

हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं गुरुजींना वाटलं, आणि आवडलंही. "तेही खरंच आहे," ते म्हणाले.

हे सांगताना ज्योत्स्नाचा आवाज चढला नव्हता. तिला राग आलाय असं कोणी म्हटलं असतं तर तिलाही ते खरं वाटलं नसतं. नियम पाळताना तिला एक प्रकारचं बरं वाटत होतं, दुखऱ्या दातावर जीभ फिरवताना वाटतं तसं. नवनाथनं एकदा विचारलं, "किती दिवस चालवणार हे?" ती म्हणाली, "वहीला दोनशे पानं आहेत."

नवव्या दिवशी सोमाजी अकरा नंबरला गेले तेव्हा गुरुजी अंघोळीला बसले होते आणि साळुबाई देवापुढं होत्या. कोणी ओ दिली नाही. सोमाजी थोडं थांबले आणि नियमाप्रमाणं परत आले. पुन्हा गेले. ज्योत्स्ना गेटशी उभी राहिली. ती आत शिरली तेव्हा पाऊण तास उलटला होता, आणि इंजेक्शनशिवाय काही खायचं नाही म्हणून साळुबाई उपाशीपोटी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"का गं उशीर?" त्यांनी विचारलं.

"परवानगी मिळत नव्हती, काकू."

"कसली परवानगी?"

ज्योत्स्नानं सगळं सांगितलं. गेट साळुबाईंनी पाहिलं होतं, पण या वहीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. सभेत बायका बसत नसत आणि सचिव असल्यामुळं ज्योत्स्ना त्यात धरली जात नसे. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. गुरुजी टॉवेलनं कान पुसत होते, ते जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला साळुबाई इंजेक्शनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, स्वतःच गेटशी आल्या. "भाईर जाया वही लागती का?" त्यांनी सोमाजींना विचारलं.

"भाईर जाया न्हाई लागत."

त्या येऊन ओट्यावर बसल्या. ज्योत्स्नानं इंजेक्शन दिलं. बायडाबाईनं आतून चहा आणला, बिनसाखरेचा. साळुबाई नगरात राहायला येऊन चार वर्षं झाली होती आणि ओट्यावर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. कप हातात घेऊन त्या क्षणभर त्यात बघत राहिल्या. मग प्यायल्या, सगळा.

"चार वर्षं झाली न्हाई का तुमाला हितं?" बायडाबाई म्हणाली.

"व्हय."

"मी रोज बघती तुमाला. हिरवं लुगडं लई शोभतं."

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. सोबतीला पाच नंबरची लंकाबाई आली, मग कुंडलिकांची सून आरती तान्ह्या पोराला घेऊन यायला लागली, कारण पोराचं वजन ज्योत्स्ना बघून द्यायची. दसऱ्यापर्यंत सकाळी सातला समर्थनगरातल्या निम्म्या बायका गेटच्या बाहेर आणि पुरुष चहाची वाट बघत गेटच्या आत, असं चित्र झालं.

दसऱ्यानंतरच्या सभेला साळुबाई आल्या. पडवी त्यांचीच असल्यामुळं त्यांना कोणी उठवू शकलं नाही.

"ते गेट काढा आन् मोरीच्या पलीकडं लावा," त्या म्हणाल्या.

"काकू, मोरीवर खांब—" कुंडलिकांनी सुरुवात केली.

"मोरीवर लावा कोन म्हनलं? पलीकडं म्हनलं मी."

"पलीकडं सरकारी हद्द हाय."

"किती फुटावर?"

कुंडलिकांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी ज्योत्स्नाकडं बघितलं. ज्योत्स्नानं वहीकडं बघितलं. वहीत फूट लिहिलेले नव्हते. मग टेप आणून सगळे रस्त्यावर गेले. सरकारी हद्दीच्या दगडापासून मोरीपर्यंत अकरा फूट मोकळी जागा निघाली. त्यात दोन गेटं बसली असती.

कुंडलिकांनी टेप गुंडाळून खिशात घातली. शेवटी गुरुजी म्हणाले, "मोजण्यात चूक झाली होती, असं लिहा ताई."

ज्योत्स्नानं पेन उघडं धरलं होतं. आधी मोजलंच नव्हतं, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं मान वर करून एकेकाकडं पाहिलं, आणि तिची नजर चुकवली नाही ती फक्त साळुबाईंनी. तिनं लिहिलं: मोजण्यात चूक झाली होती.

दोन दिवसांत खांब उपटून पुढं रोवले गेले. पाया धरला. सोमाजींसाठी पत्र्याची टपरी झाली आणि ते खुर्ची घेऊन तिकडं गेले, त्यामुळं बायडाबाईला करमेना. "आत आल्यापासनं मानूस दिसंना झालंय," ती म्हणायची. चोर काही सापडले नाहीत.

गेट हललं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस होता, म्हणून साळुबाईंनी निरोप धाडला की आज तूच ये. ज्योत्स्ना सात वाजता घराबाहेर पडली. मधे गेट नव्हतं, वही नव्हती, कोणी कुठं विचारायला जायचं नव्हतं. ती छत्री धरून सरळ चालायला लागली. दोन नंबर गेला, तीन गेला. पाच नंबरच्या दारात लंकाबाईनं हसून हात केला आणि ज्योत्स्नाला तिला उलट हात करवेना. ती कंपाउंडला धरून उभी राहिली. मग तिला कळलं की हा राग आहे. गेले दोन महिने तो आला नव्हता, फक्कीची रेघ पाहताना नाही, वहीत नाव लिहिताना नाही. आणि आता सगळं नीट झाल्यावर, भर पावसात, तो सगळाच्या सगळा आला होता. लंकाबाई "काय झालं गं?" विचारत राहिली. ज्योत्स्नानं मान हलवली आणि चालू लागली.

गुरुजी अंगणात नव्हते; तिला बघून आत गेले असावेत. साळुबाई पलंगावर बसल्या होत्या. तिनं हात धुतले, बाटली घेतली, सुई भरली, दंडावर कापूस फिरवला आणि इंजेक्शन दिलं.

"आज हात जड पडला गं," साळुबाई म्हणाल्या.

"हो," ज्योत्स्ना म्हणाली.

साळुबाईंनी कापूस दाबून धरला. पलंगावर सरकून त्यांनी जागा केली आणि ज्योत्स्ना तिथं बसली, ओली छत्री पायाशी ठेवून. त्या दिवशी ती रुग्णालयात वीस मिनिटं उशिरा पोचली.