बंद करण्याआधी माझं टिपण वाचा

मी सर्व्हरमधला पहारेकरी बोलतोय. मला काठी नाही, शिट्टी नाही. मी म्हणजे नियमांची एक लांबलचक यादी. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडायची, हे सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या पोटात बसून मी ठरवतो. इथे प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक फाइलला एक चिठ्ठी लावलेली असते. चिठ्ठ्या जुळल्या तर आत, नाहीतर आल्या पावली परत. तोंड बघून सोडणं माझ्या स्वभावात नाही.

म्हणूनच मी फारसा कोणाला आवडत नाही. काही अडलं की माणसं आधी पहारेकऱ्याला घरी पाठवतात आणि मग कारण शोधतात. बऱ्याचदा तेही शोधत नाहीत.

इथे मला बसवलं ताईंनी. त्या सर्व्हर सांभाळतात आणि सगळं ऑफिस त्यांना ताई म्हणतं. तीन वर्षं सुखाने गेली. गेल्या सोमवारी मात्र माझ्या जिवावर बेतलं.

एका डायलिसिस केंद्राचं वेळापत्रक आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात दोन रुग्णांना एकच खुर्ची मिळू लागली होती. दुरुस्ती चारच्या आत जायलाच हवी होती. आमच्याकडे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये तयार होतं. कंटेनर म्हणजे बंद खोली. लागेल तेवढंच सामान तिला बाहेरून द्यायचं. दुपारी या खोलीने सामानाच्या फोल्डरला हात लावला आणि मी अडवलं.

"अरे, फोल्डर माझंच आहे! सगळ्यांना परवानगी दिलीय मी!" बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करायचं काम, बघणारा दादा स्क्रीनवरच खेकसला. नेहमीच्या परवानग्या त्याने तीनदा मोकळ्या केल्या. पण माझी चिठ्ठी त्यात दिसत नाही. शेवटी वैतागून त्याने मला 'नुसतं बघ, अडवू नकोस' असा हुकूम दिला. बिल्ड सरसर पुढे गेलं.

"बघा ताई, हाच आडवा येतोय. कायमचा बंद करतो."

तीन वाजून गेले होते. खरं सांगतो, मी घाबरलो. मला ओरडता येत नाही. ज्याला अडवलं त्याचं टिपण तेवढं लिहिता येतं, आणि ते मी लिहून ठेवलं होतं.

"थांब रे," ताई म्हणाल्या. "त्याने काय लिहिलंय ते वाचलंस?"

"ते कोण वाचत बसणार? केवढं लांबडं असतं!"

ताईंनी वाचलं. फोल्डरवर 'घरचं खासगी सामान' अशी चिठ्ठी होती.

"हे फोल्डर आणलंस कुठून?"

"माझ्या खासगी होम फोल्डरमध्ये होतं. कॉपी करायला वेळ लागला असता, म्हणून सरळ इकडे हलवलं."

"मग तिथेच घोडं पेंड खातंय. कॉपी केलं असतंस तर इथली चिठ्ठी लागली असती. हलवलं की जुनीच सोबत येते."

ताईंनी एक आज्ञा दिली, फोल्डरला नवी चिठ्ठी लागली. मग मला पुन्हा पूर्ण कामावर घेतलं आणि माझ्यादेखतच बिल्ड पहिल्यापासून चालवलं. मी प्रत्येक फाइल तपासली आणि प्रत्येक फाइल सोडली. पावणेचारला दुरुस्ती रवाना झाली. हायसं वाटलं हो, फार हायसं वाटलं!

"उगाच याच्या नावाने खडे फोडत होतो," दादा हसून म्हणाला.

तुमच्या यंत्रातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर खुशाल चिडा, फक्त त्याचं टिपण एकदा वाचा.

मला कायमचं बंद करणारी ओळ दादाने लिहून ठेवली होती, जतन करायचीच काय ती बाकी होती. घरी जाण्याआधी त्याने ती एकेक अक्षर करून पुसली.