गोळा की चमक

शून्य मीटर.

आठ मुली रेषेवर वाकल्या आहेत. चौथ्या पट्ट्यात माझी धाकटी बहीण. तिला सगळे खार म्हणतात. मी कडेला, हातात तेलाची बाटली. या क्लबात मी मालिश करते. धाव शंभर मीटरची. पहिल्या दोघी मोठ्या संघात जाणार, बाकीच्या घरी.

त्याआधी चाळीस मिनिटं.

मालिशच्या खोलीत एक पलंग, एक पंखा, खिळ्याला अडकवलेली कार्डं. शर्यतीआधी प्रत्येकीच्या कार्डावर मी लिहायचं, असा सरांचा नियम. दुखत नसेल तर रेघ. दुखत असेल तर दोनच शब्द: गोळा किंवा चमक. गोळा म्हणजे पेटका. चोळा, ताणा, पळवा. चमक म्हणजे आतले तंतू उसवायला लागलेत. बसवा.

"तिसरा शब्द लिहिलास तर निबंधस्पर्धेला पाठवीन," सर म्हणतात.

खार पालथी झोपली.

"ताई, गोळा आलाय."

"कुठे?"

"आलाय गं. तू बघ ना."

उजव्या मांडीच्या मागून बोटं फिरवली. बाहेरच्या बाजूला, गुडघ्यापासून वीतभर वर, एका जागी दाबलं तर पाय दचकला. मी खिळ्यावरून तिचं कार्ड काढलं.

लिहिलं: गोळा.

वीस मीटर. खार दुसरी.

सरांनी एकदा फळ्यावर पीस काढलं होतं. "काही स्नायू असे. मधे दांडा, बाजूंना तिरके, आखूड, दाटीनं बसलेले तंतू. जोर दांडगा, पण आक्रसतात थोडेच. काही दोरीच्या जुडीसारखे. लांब, सरळ. जोर कमी, झपाटा जास्त." मग माझ्याकडे बोट. "ही तुमची ताई म्हणजे पीस." मी पूर्वी वजनं उचलायची.

"कोंबडीचं," खार म्हणाली. सगळ्या हसल्या.

"तू दोरी आहेस, पण मांडीमागे आखूड पडलीस. सोनोग्राफीच्या यंत्रावर पाहिलं ना? पळताना पाय पुढे फेकलास की तो स्नायू ताणला जातो, आणि त्याच वेळी त्यालाच पाय मागे ओढायचा असतो. आखूड तंतूंना ते झेपत नाही. चमक आली तर लपवू नकोस."

"ताईच्या बोटांपासून काय लपतंय, सर?"

पन्नास मीटर. खारीच्या पुढे कुणी नाही.

एकाहत्तर मीटर.

आवाज आला असं सगळे म्हणतात. मला आला नाही. तिनं मांडी मागून धरली आणि वळून पाहिलं, कुणी दगड मारल्यासारखं. दोन उड्या एका पायावर. मग बसली. सात मुली निघून गेल्या. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

ऐंशी मीटर.

नव्वद मीटर.

सरांनी कार्ड वाचलं. "गोळाच होता ना?"

"हो."

"मग आपला इलाज नाही," म्हणाले, आणि कार्ड परत खिळ्याला अडकवलं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या आईला दुखण्याचा एकच शब्द येतो. डोकं उठलं, गोळा. पाय मुरगळला, गोळा. परीक्षेला जाताना हात गार पडले, गोळा. आम्ही दोघी त्याच शब्दावर वाढलो.

शंभर मीटर. पाच महिन्यांनी.

तोच पलंग. तिच्या मांडीत एक खळगा पडलाय, माझ्या बोटाचं टोक बरोब्बर बसेल एवढा. आज ती पहिल्यांदा पळणार आहे, सरावापुरती.

"इथे कळतं काही?"

"नाही. बधिर आहे."

पंखा फिरत होता.

"ताई, त्या दिवशी मी काय म्हणाले होते?"

"गोळा आलाय."

"पोटात आला होता गं. आदल्या दिवशी मांडीत चमकून गेलं होतं. भ्याले होते. मला म्हणवेना. वाटलं, तुला हाताला कळेल, तूच लिहिशील."

"कळलं होतं."

"मग?"

"वाटलं, तुला पळायचंय."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी तेल पुसलं, हात धुतले, नवं कार्ड घेतलं. दुखत नसेल तर रेघ. पेन टेकवलं, रेघेचा ठिपका झाला, तिथेच थांबले.

"आणि पोटात?"

"आहे," ती भिंतीला म्हणाली.

ठिपक्याच्या पुढे लिहिलं: चमक.

कार्ड खिळ्याला अडकवलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.