जेवणाच्या टेबलावरचं ऑपरेशन

"आधी बॅटरी काढ, मग रड," आत्या म्हणाली.

"काढते गं! पण चारला फायनल आहे, आणि हिची आत्ताच दातखीळ बसायची होती!"

भिंगरीनं बॅटरी काढली आणि बंदूक जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. एअरसॉफ्टची बंदूक, प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी, खेळातली, पण दिसायला अशी की दारात आलेला पोस्टमन उंबऱ्यावरूनच परत फिरावा. आजवर संघाच्या पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्या भिंगरीला आज पहिल्यांदा मैदानात उतरायला मिळणार होतं. आणि सकाळी सराव करताना ट्रिगर दाबला, तर आतून नुसतं 'घुर्र' झालं आणि सगळं चिडीचूप. दुसरी बंदूक नव्हती. बंदूक नाही तर खेळ नाही. जागा घ्यायला राखीव मुलगी बूट बांधून बसलेलीच होती.

"गिअरबॉक्स उघडावा लागेल," भिंगरी म्हणाली.

आत्याच्या डोळ्यांत एकदम दिवा लागला. तिचा उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देण्यात गेला होता. अजूनही अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणायची. निवृत्तीनंतर घरातला मिक्सर, पंखा, कुकरची शिट्टी असं जे हाती लागेल ते तिनं उघडून पाहिलं होतं.

"ताई, तूसुद्धा?" भिंगरीचे बाबा पेपरामागून म्हणाले. "बंदूक आहे ती!"

"पेशंट आहे. तू सरक, उजेड अडतोय."

टेबलावर पांढरी चादर आली. गोळ्यांचं मॅगझिन निघालं. नळीत अडकलेली गोळी भिंगरीनं सळईनं बाहेर ढकलली. दोघींनी गॉगल चढवले. बाबा खोलीतून हलेनात, म्हणून आत्यानं त्यांनाही पोहण्याचा गॉगल घालायला लावला. तो लावून ते मुकाट अग्रलेख वाचत बसले.

बंदुकीचं पोट उघडून भिंगरीनं गिअरबॉक्स अलगद बाहेर काढला. "आत्या, हात नको लावूस. आत स्प्रिंग दाबलेली आहे. अशीच उघडली तर सुटेल थोबाडावर."

"मग आधी तिचा जीव शांत कर."

भिंगरीनं मोटर सोडवली, बारीक स्क्रू ड्रायव्हर आत घातला आणि गिअर रोखून धरणारी कळ हलकेच मागे सारली. ठक्क! स्प्रिंग मोकळी झाली. बाबांचा पेपर टरकन फाटला.

"झोपली," आत्या खुशीत म्हणाली.

तरी स्प्रिंगच्या मागच्या दांडीवर स्क्रू ड्रायव्हर दाबून धरूनच त्यांनी झाकण उचललं. आतला एकेक भाग निघाला तसा आत्यानं चादरीवर ओळीनं मांडला. दोन गिअरच्या दातांमध्ये पांढरा तुकडा रुतून बसला होता. फुटक्या गोळीची कपची! आत्यानं बारीक चिमटा घातला, श्वास रोखला आणि कपची उचलून उजेडात धरली.

"मुलगी झाली!" ती ओरडली.

भिंगरी हसत हसत कॅप्टनला फोन करायला गॅलरीत गेली. परत आली तर चादरीवर सगळे भाग चांदीच्या भांड्यांसारखे लखलखत होते.

"आत्या, ग्रीस कुठंय?"

"कसलं? ती काळी घाण? साबणाच्या गरम पाण्यात घातलं सगळं, पुसलं, स्पिरिट फिरवलं. पेशंट बंद करायचा तो स्वच्छ करूनच."

"अगं आत्या! ती घाण नव्हती, तेच तर हिचं रक्त होतं! अशी कोरडी चालवली तर दात झिजून भुगा होईल!"

आत्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. पायांत चपला सरकवून ती तडक खालच्या मजल्यावरच्या प्लंबरकडे गेली.

"भाऊ, ग्रीस द्या, अर्जंट!"

"काय गळतंय, सिस्टर?"

"बंदूक उघडलीय."

प्लंबरनं हातातला पाना खाली ठेवला. "कुणाच्या बाजूनं भांडताय तेवढं सांगा, मी त्या बाजूला येतो."

नळाच्या रबरी रिंगेला लावतात ते सिलिकॉनचं ग्रीस त्यानं दिलं, आणि गिअरच्या दातांना म्हणून आपल्या सायकलचंही. पिस्टनच्या रिंगेला पहिलं, दातांना दुसरं, दोन्ही बोटाच्या टोकानं, पातळसं. झाकण बसलं, स्क्रू आवळले, मोटर लागली. शेवटी बॅटरी. भिंगरीनं बंदुकीचं तोंड रिकाम्या भिंतीकडे करून ट्रिगर दाबला.

टर्रर्र!

बाबासुद्धा गॉगलसकट उठून टाळ्या वाजवायला लागले.

चार वाजता मैदानाच्या जाळीमागे आत्या आणि बाबा उभे होते. शिट्टीवाली बाई बघ्यांना सांगत होती, "पलीकडचा झेंडा जो आधी उचलेल, त्याचा संघ जिंकला. आणि इथं बाद कुणी देत नाही. ज्याला गोळी लागते, त्यानंच हात वर करायचा आणि बाहेर यायचं."

खेळ सुरू झाला. भिंगरी वाकून आडोशाच्या पिंपांमागून अशी धावली की आत्यानं जाळी गच्च धरली. टर्रर्र! समोरचा एक बाद. टर्रर्र! दुसरा. "वाजतेय! ऐक, कशी वाजतेय!" आत्या बाबांचा खांदा बडवत होती. झेंडा आता हाताच्या अंतरावर होता.

आणि भिंगरी थांबली.

तिनं गोळी चाटून गेलेल्या दंडाकडे पाहिलं. समोरचे दुसरीकडेच बघत होते. शिट्टीवाली तर पाठमोरी होती. भिंगरीनं एकदा झेंड्याकडे पाहिलं. मग बंदुकीची नळी खाली केली आणि हात वर केला.

"अगं, कुणी बघितलं तरी का?" बाबा कळवळले. "आत्ताशी तर उतरली होती!"

 जाळीवरची बोटं सोडवून आत्या नीट उभी राहिली. मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत भिंगरी चालत आली, ताठ, न घाई करता. रेषेबाहेर पाय पडेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.