भात शेवटी

"जेवण वाढायला कॉलेज कशाला लागतं गं, निशा?" आई हे रोज विचारायची आणि रोज माझं डोकं फिरायचं.

कामतघरला आमची खानावळ आहे. लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार महिन्याचे पैसे भरतात आणि पोटभर जेवतात. भात मागाल तेवढा, हा आमच्याकडचा कायदाच. आईनं त्याच्यावरच मला वाढवलं. ती स्वतः मात्र सगळे उठल्यावर जेवायची, तेही उभ्यानं, भाताच्या खरवडीवर डाळ ओतून. तिला शुगर होती. गोळी गिळायची आणि वर मलाच म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

बारावीनंतर मला आहारशास्त्राला जायचं होतं. तिनं मानकोलीच्या गोदामात पॅकिंगची नोकरी बघून ठेवलेली. कडाक्याचं भांडलो आम्ही. शेवटी ती म्हणाली, "एवढी हुशार आहेस ना? मग एक महिना तुझ्या मनासारखी चालव खानावळ. एक जरी माणूस सोडून गेला, तर मुकाट्यानं मानकोली."

"चालेल!" माझी जीभ कायम माझ्या पुढे पळते.

भात मी कमी केला नाही. तेवढी अक्कल होती मला. फक्त क्रम बदलला. आधी उसळ आणि भाजी, ती संपली की भात. असं खाल्लं की शुगर झपकन चढत नाही. पण लूमवर शिफ्ट करून आलेला माणूस ताटात आधी भाताचा ढीग बघतो. काय तो गोंधळ! "चावल छुपाके रखती है," लूमवरचे दौलतचाचा ओरडायचे. "बाद में जितना चाहिए उतना लो ना, चाचा!" मीही तेवढ्याच आवाजात. हळूहळू बाकीचे रुळले. पंढरी तर उसळ दोनदा मागायला लागला. दौलतचाचा मात्र महिना संपत आला तरी कुरकुरतच होते, आणि एका दुपारी ताट सरकवून समोरच्या खानावळीत गेले ते गेलेच.

मला रडूच फुटलं, रागानं. चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं?

डोळे पुसून आत गेले. "आई, एक गेला. हरले मी. पण मानकोलीला जाणार नाही. घरातून काढ हवं तर. मी शिकणार म्हणजे शिकणारच."

आई पाटावर बसली होती. चक्क बसली होती! पुढ्यात ताट, ताटात उसळ आणि भाजी. भाताचं पातेलं बाजूला झाकून ठेवलेलं.

"हे कधीपासून?"

"तू सुरू केलंस त्याच दिवसापासून. तुला सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असतीस." तिनं उसळीचा घास संपवला. "परवा रक्त तपासलं. शुगर बरीच उतरलीय. डॉक्टर विचारत होते, काय केलंत म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझी मुलगी शिकतेय त्यातलं. कॉलेजात."



"बघतेस काय? गेला दौलत तर जाऊ दे. उसळ संपली माझी, वाढ आता भात. थोडाच."