नाइनमधला ई

पाचवीच्या इंग्रजीच्या चाचणीत दहा आकडे दिले होते. त्यांचे पहिला, पाचवा, नववा अशा अर्थाचे इंग्रजी शब्द करायचे होते. फर्स्ट, सेकंड, थर्ड निकिताला पाठ होते. पुढच्या प्रत्येक आकड्याला मात्र तिनं सरसकट टीएच जोडून दिलं. फाइव्ह, नाइन आणि ट्वेल्व्ह यांचं स्पेलिंग न बदलल्यानं तीन उत्तरं चुकली. पौर्णिमा मॅडमनी सात मार्क दिले. रोजानं शेतात निंदायला जाणाऱ्या धनीबाईची चंदा दहापैकी दहा घेऊन पहिली आली.

निकिता शाळेच्या सुपरवायझर वैभवी यांची मुलगी, आणि वैभवी संस्थेचे सचिव पंजाबराव यांची सून. दुसऱ्या दिवशी वैभवी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली.

“टीएच लावलं ना पोरीनं? मंग मार्क काहून कापले?”

“नाइनचा ई काढा लागते, मॅडम. तो तिनं तसाच ठेवला.”

“एका अक्षरासाठी?”

“तेच तं विचारलं होतं पेपरात.”

वैभवीनं पेपर टेबलावर आपटला. सवलतीत शिकलेल्या बाईनं आमाले नियम शिकवू नये, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. धनजच्या बौद्धवाड्यातून रोज ऑटोनं कारंज्याला येणारी पौर्णिमा खुर्चीतून उठली.

“इथं कोणती सवलत होती, मॅडम? मुलाखत तुमीच घेतली. इंग्रजी शिकवणारं दुसरं कोणी भेटलं नाही म्हणून घेतलं मले.”

वैभवी पेपर उचलून तडक निघून गेली.

शनिवारच्या पालकसभेत वैभवीनं डाव साधला. इंग्रजीबद्दल तक्रारी आहेत असं सांगून तिनं पौर्णिमाला फळ्याकडे बोलावलं आणि फर्स्टपासून हंड्रेड्थपर्यंत लिहायला लावलं. पौर्णिमा उठली, खडू घेतला आणि लिहू लागली. आठव्या शब्दावर वैभवीनं तिला थांबवलं. एटमध्ये एक टी, टीएचमध्ये दुसरा. मॅडमनी एक खाल्ला, असं ती हसत म्हणाली. पालकही हसले.

“एकच राह्यते. डिक्शनरी आणून पाहा.”

खुर्चीतले पंजाबराव तेव्हा पहिल्यांदा बोलले. “शाळा डिक्शनरी नाही चालवत, आमी चालवतो. सूनबाई म्हणते तसं लिहा.”

पौर्णिमानं तसं लिहिलं नाही. ती पुढे लिहीत गेली. पालक चुळबुळ करू लागले, काही उठून गेले, बोटं खडूनं पांढरी झाली. शंभरावा शब्द लिहूनच तिनं खडू ठेवला. पंजाबरावांनी लगेच फळा पुसायला लावला. सोमवारपासून तिला नर्सरीचा वर्ग दिला गेला. आदेश लेखी मागितला, तर मिळाला नाही.

निकालाच्या दिवशी त्याच इंग्रजीच्या चाचणीची यादी शाळेच्या दारावर लागली; तीत निकिता पहिली होती आणि चंदा दुसरी. धनीबाईला वाचता येत नव्हतं. लेकीनंच वाचून दाखवलं. धनीबाई दारातच विचारू लागली, की पोरगी पहिली होती, मग दुसरी कशी झाली? दोघींचे मार्क सारखेच आहेत, वयानं मोठी ती वर, असं वैभवीनं तिला उडवून लावलं.

व्हरांड्यातून पौर्णिमा पुढे आली.

“सारखे नव्हते, धनीबाई. निकिताले सात होते. मीच दिले होते. मागून दहा केले.”

वैभवीचा चेहरा काळवंडला. उद्यापासून गेटच्या आत पाय ठेवू नको, असं तिनं बजावलं.

“उद्या कायले? मी आजच चालली.”

धनीबाईनं आठवड्याभरात लेकीचा दाखला काढला आणि तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. पौर्णिमा आता वाशीमच्या एका क्लासमध्ये शिकवते. जाण्यायेण्यातच तिचा अर्धा दिवस जातो. घरचे म्हणतात, तोंड आवरलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या महिन्यात कारंज्याच्या बसस्टँडवर वैभवी तिच्यासमोर आली. दोघींनी एकमेकींना पाहिलं, आणि बस येईपर्यंत दोघींपैकी कोणीच नजर खाली घेतली नाही.