व्हर्नाच्या पाठीवरचा खिसा

मी एक जुना चामड्याचा खिसा आहे. कोटाला शिवलेला नव्हे. मोठ्या पिनेनं कोटाच्या पाठीवर लावायचा. माझ्या पोटाला पारदर्शक खिडकी आहे आणि तिच्यातून एकेकाळी शिकाऱ्याचा नंबर दिसायचा. आता तो नंबर कुणाला नको आहे. मला टाकून द्या, असं पुष्कळ जण म्हणाले. मी अजून इथंच आहे. तेव्हा मित्रांनो, माझी कीव करू नका.

माझं चामडं ऑर्विल टेस्मरच्या बुटाचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं फाटक्या बुटाचा वरचा भाग कापून दोन खिसे शिवले. एक स्वतःला, एक बायकोला. मी बायकोचा, म्हणजे व्हर्नाचा. टाके वाकडे होते. "बूट बरा होता," असं ती म्हणाली आणि पुढं बेचाळीस वर्षं तिनं मला सोडलं नाही.

आमच्या विस्कॉन्सिन राज्यात तेव्हा कायदाच होता. नोव्हेंबरात बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम नऊ दिवसांचा, आणि त्या नऊ दिवसांत रानात जायचं तर पाठीवर नंबर हवा. कुणी परक्याच्या शेतात घुसलं तर मागून नंबर वाचून तक्रार करता यावी, म्हणून. परवान्याबरोबर चिठ्ठ्या मिळत. हरीण पाडलं की एक चिठ्ठी त्याला बांधायची. चिठ्ठी संपली की त्या माणसाची शिकार संपली.

मला लावण्याची एक रीत होती. कोट टेबलावर पसरून पिन मारली तर अंगात घातल्यावर मी वाकडा बसतो. म्हणून आतले चार कपडे, वर नारिंगी कोट, असं सगळं चढवून झालं की दुसऱ्या कुणीतरी मला लावावं लागतं. हंगामाच्या पहिल्या सकाळी व्हर्ना म्हणायची, "वळ बघू." ऑर्विल वळायचा. "हलू नकोस, टोचेल." मग ती वळायची आणि तो मला लावायचा. बेचाळीस वर्षांत त्यानं तिला दोनदा टोचलं. दोन्ही वेळा तिनं ते वर्षभर ऐकवलं.

मी पाठीवर असायचो, त्यामुळं तिनं काय टिपलं ते मला कधी दिसलं नाही. मला तिचा आवाज ऐकू यायचा. चाप ओढण्याआधी ती दर वेळी स्वतःशीच पुटपुटायची, "मागं काय आहे?" हरणामागं दुसरं हरीण असेल, माणूस असेल, कुणाचं घर असेल. ते कळल्याशिवाय तिनं गोळी सोडली नाही. कितीतरी हरणं तिनं तशीच जाऊ दिली. पाठीवरच्या तिच्या नंबराबद्दल कधी एक तक्रार झाली नाही. हे मी अभिमानानं सांगतो.

मग सरकारनं नियम काढून टाकला. पाठीवर नंबर लागणार नाही. व्हर्नाचा धाकटा भाऊ क्लीटस यानं आपला खिसा शेगडीत टाकला. ऑर्विलनंही माझा जोडीदार कचऱ्यात फेकला.

व्हर्ना म्हणाली, "इतकी वर्षं पाठीवर नाव घेऊन हिंडलास, आता लाज वाटायला लागली होय?"

"अगं, कायदा गेला."

"कायदा गेला, मी नाही गेले. हा राहील."

त्या वर्षी तिनं ऑगस्टमध्येच परवाना काढला. चिठ्ठ्यांची घडी करून माझ्या पोटात ठेवली. सप्टेंबरात ती गेली.

नोव्हेंबर आला. पहिल्या सकाळी ऑर्विलनं कोट टेबलावर पसरला, मला लावला आणि कोट अंगात घातला. अर्थातच मी वाकडा बसलो. व्हर्नाच्या चिठ्ठ्या माझ्यात तशाच होत्या. त्यानं काढल्या नाहीत.

आमच्या भागात त्या वर्षी माणशी एक नर आणि एक मादी, एवढीच मर्यादा होती. क्लीटसनं पहिल्याच तासात मादी पाडून आपली चिठ्ठी वापरली. नऊच्या सुमाराला ऑर्विलला एक मादी दिसली. त्यानं गोळी झाडली. जवळ जाऊन बघतो तर दोन माद्या पडलेल्या. एकीतून आरपार गेलेली गोळी नेच्यांच्या आड उभ्या असलेल्या दुसरीला लागली होती.

त्यानं मागं बघितलं नव्हतं.

क्लीटस धावत आला. त्यानं दोन्ही जनावरं बघितली, मग त्याची नजर माझ्यावर गेली. "दाजी, तोंड पाडून काय बसलाय? ताईची चिठ्ठी आहे की पाठीवर!"

"ती गेली, क्लीटस."

"मारलेल्या हरणाची नोंद फोनवरच करायची. मशीन बोलतं तिथं. नंबर दाबायचा, झालं. कोण मेलं, कोण जगलं, त्या मशीनला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"ताई असती तर तिनं स्वतः काढून दिली असती!"

"ती असती तर मी मागं बघितलं असतं."

क्लीटसनं मागून हात घातला. त्याची दोन बोटं माझ्या पोटात शिरली आणि घडीचं टोक बाहेर आलं. ऑर्विल गर्रकन वळला. ओकच्या झाडाला पाठ लावून तो उभा राहिला. त्याची पाठ आणि झाडाची साल यांच्यामध्ये मी दाबला गेलो. आयुष्यात मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं.

"बेचाळीस वर्षं तिच्या नावावर एक खोटं हरीण नाही," तो म्हणाला. "आज चढवू? 'नको' म्हणायला ती इथं नाही म्हणून?"

"परवाना जाईल, दाजी! तीन वर्षं! चौऱ्याहत्तरचे आहात, मग काय रांगत येणार रानात?"

"रांगत येईन."

झाड न सोडताच त्यानं शिकारीचे नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या सरकारी वॉर्डनला फोन केला. क्लीटस शिव्या घालत निघून गेला.

वॉर्डन कोस्त्का म्हणून एक तरुण बाई आली. तोवर ऑर्विलनं मांस टिकावं म्हणून दोन्ही हरणांची आतडी काढून ठेवली होती. पहिलीला त्यानं आपली चिठ्ठी बांधली होती, दुसरीला काही नाही. आणि तो परत ओकला पाठ लावून उभा होता.

"हे माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "काय लिहायचं ते माझ्या नावावर लिही. पण मांस वाया घालवू नकोस."

तिनं गोळीची वाट तपासली, बराच वेळ लिहिलं. दुसरं हरीण जप्त करून गरजूंच्या स्वयंपाकघराला द्यायचं ठरलं. ऑर्विलला लेखी ताकीद मिळाली.

"काका, पाठीवर काय आहे?"

"बायकोच्या चिठ्ठ्या. तिच्या परवान्याच्या."

"त्या रद्द कराव्या लागतील. वळा."

तो जागचा हलला नाही. "रद्द कर. पण त्या इथंच राहतील."

वॉर्डननं त्याच्याकडं बघितलं, मग झाडाकडं. ऑर्विल सावकाश वळला. तिनं चिठ्ठ्या काढल्या, त्याच्याच पाठीवर टेकवून प्रत्येकीवर लिहिलं, "न वापरता रद्द." खाली सही केली. मग घडी घालून चिठ्ठ्या परत माझ्यात ठेवल्या.

दुसऱ्या सकाळी ऑर्विलनं कोट टेबलावर पसरला. दार वाजलं. क्लीटस आत आला. त्यानं कोट उचलून ऑर्विलच्या अंगात घातला आणि मला हातात घेतलं.

"वळा, दाजी. काल सगळ्या रानात वाकडा खिसा मिरवलात. ताईनं जीव घेतला असता."

"टोचू नकोस म्हणजे झालं."

त्यानं टोचलंच. पण मी सरळ बसलो.

मित्रांनो, माझी शिवण उसवत चालली आहे. खिडकी पिवळी पडली आहे. तरी मला कपाटात जपून ठेवू नका, मला ते मान्य नाही. दर नोव्हेंबरात मला बाहेर काढा. आधी कोट अंगात घाला, मग मला लावा. आणि लावायला कुणाला तरी हाक मारा.