माशीच्या जागी माशी

इंग्रजीच्या पहिल्याच चाचणीत मला स्पेलिंगला तीसपैकी तीस मिळाले आणि अर्थाला तीसपैकी दोन. मॅडमनी पेपर उलटापालटा करून पाहिला. लॉचं पहिलं वर्ष, वर्गात सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात मी शेहेचाळीस वर्षांची. सगळा वर्ग मला काकू म्हणतो. मॅडमही म्हणतात.

"काकू, हे कसं काय हो? 'इर्रिव्होकेबली' अख्ख्या वर्गात एकट्या तुमचं बरोबर आलंय. आणि अर्थ काय लिहिलाय, तर 'नेहमीचं'."

"नेहमी येतं म्हणून," मी म्हटलं.

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसले, पण आतून कान तापले होते. कारण मी खरंच बोलत होते. तो शब्द नेहमी येतो. कोर्टासमोरच्या एका वकिलांच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं टायपिस्ट आहे. साहेब बोलतात, मी टाइप करते. साहेब 'व्हेअरॲज' म्हणाले की माझी बोटं पुढचं वाक्य आपणहून मारायला लागतात. अर्थ कधी कुणी विचारला नाही, मीही लावला नाही.

मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात ना, तसं. मूळ कागदावर माशी चिरडलेली होती म्हणून नक्कल करणाऱ्यानेही एक माशी मारून बरोबर त्याच जागी चिकटवली. त्या माणसाला आपण हसतो. मी एकोणीस वर्षं माश्याच चिकटवल्या, आणि वर मला गर्व असा, की माझी एकही माशी रेघभर इकडेतिकडे झाली नाही. अशील मला 'इंग्रजीवाल्या बाई' म्हणायचे. बाकावरची म्हातारी माणसं हात जोडायची. मी मान डोलवायची. कुणाचा गैरसमज दूर करायला मला कधी सवड झाली नाही.

लॉला आले तीही काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. मागच्या वर्षी ऑफिसात बोललेलं आपोआप टाइप करणारं यंत्र आलं. साहेब व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत म्हणाले, "बाई, आता तुमच्या बोटांचं काय लोणचं घालू?" कार्डाच्या टोकाला निघालेलं त्यांनी पाहिलं, चड्डीतल्या पोराने पाहावं तितक्या कौतुकाने, आणि कार्ड परत खिशात ठेवलं. तेच कार्ड पुढे कुणा अशिलाच्या हातात जायचं. मला नेहमी शिसारी यायची, पण शिसारीवर पगार मिळत नाही. मी सकाळच्या कॉलेजात नाव घातलं.

मॅडम स्वतः वकील. सकाळी शिकवायच्या, अकराला कोर्टात. दर आठवड्याला तीस शब्द द्यायच्या: शब्द, अर्थ, आणि आपल्या मनाने केलेलं एक वाक्य. त्या 'आपल्या मनाच्या वाक्या'शी माझं घोडं अडायचं. चाचणीनंतर त्यांनी गृहपाठ दिला, "एक खरा दस्त आणा. नावं खोडा. आणि एकेक वाक्य साध्या मराठीत उतरवा. आईला वाचून दाखवलं तर कळलं पाहिजे."

मी चलाखी केली. जो दस्त मला आधीच माहीत आहे तोच घेऊ, म्हणजे शब्दकोश कमी उघडावा लागेल. म्हणून मी ऑफिसच्या फाइलीतून धाकटीच्या कागदाची प्रत काढली.

धाकटी म्हणजे माझी बहीण. शिवणकाम करते. नवरा जाऊन पाच वर्षं झाली. घर नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर, निम्मं निम्मं; पुढचा भाग दिराकडे, मागच्या दोन खोल्या हिच्याकडे. एका खोलीत शिलाई मशीन आणि कापडांची चळत, दुसरीत बाकी सगळा संसार. छप्पर गळायचं, म्हणून ती चळतीवर प्लॅस्टिक घालून ठेवते. तीन वर्षांपूर्वी तिचे दीर आमच्याच ऑफिसात आले. छप्पर दुरुस्त करायचं, दोन्ही मालकांची संमती लागते, एक कागद करून द्या म्हणाले. साहेब बोलले, मी टाइप केलं. धाकटीला बोलावलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. दिरांनी टपरीवरून चहा मागवला, आणि मी तो प्याले.

कॉलेजच्या वाचनालयात खिडकीजवळचं टेबल धरून मी बसले. पहिली दोन वाक्यं सरळ होती: कोण, कुठे राहणार, कुणाची कोण. तिसरं वाक्य अकरा ओळींचं. त्यात 'रिलिंक्विश' होता. या आठवड्याच्या यादीतला सतरावा शब्द. वहीत मीच लिहिलं होतं: सोडून देणे. काय सोडून देणे? मी पुढे गेले. 'इर्रिव्होकेबली': पुन्हा कधीही मागे घेता न येईल असे. नेहमीचं नव्हे.

मी शब्दाखाली शब्द मांडत गेले. दोन तास लागले. शेवटी वहीत जे उतरलं ते असं होतं: 'मी या घरातला माझा सगळा हिस्सा माझ्या दिराला देऊन टाकते. माझ्यामागून येणारं कुणीही तो मागणार नाही. दीर सांगतील तेव्हा मी खोल्या रिकाम्या करीन.'

माझा विश्वास बसेना. मी छप्पर शोधायला लागले. पाच पानांत छप्पर एकदाच सापडलं: जमीन, भिंती, दारं, खिडक्या आणि छप्पर यांसह सगळं दिलं.

मी उठून बेसिनपाशी गेले आणि हात धुतले. साबण लावून, नखांच्या कडा घासून. पुन्हा लावला. याच बोटांनी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान कुणी इंग्रजीवाल्या बाई म्हणत नाही. दिराची किळस आली, साहेबांची आली, आणि सगळ्यात जास्त त्या अकरा ओळींच्या वाक्याची आली, कारण त्यात एक चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

गृहपाठ मी दिला. मॅडमनी दहापैकी नऊ गुण दिले आणि वर्गाला वाचून दाखवलं. "बघा, किती स्वच्छ उतरवलंय! दस्त असा वाचायचा असतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या ऐकवेनात. तास संपल्यावर मी मॅडमना खोडलेली नावं सांगितली.

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "घर अजून विकलं नाही ना?"

"नाही."

"मग लवकर करा. बहिणीला दावा लावता येईल, फसवून सही घेतली म्हणून. पण नुसत्या तिच्या शब्दावर काही होणार नाही. साक्षीदाराने शपथेवर सांगितलं पाहिजे."

"काय सांगायचं?"

"हेच, की कागद कुणी तिला समजावून सांगितला नाही. आणि साक्षीदारालाही कळला नव्हता."

साक्षीदार म्हणजे मी.

आधी मी साहेबांकडे गेले. का गेले, देव जाणे. एकोणीस वर्षांचं मीठ खाल्लेलं. वाटलं, माणूस निदान डोळे तरी खाली घालील. साहेब खुर्चीत रेलले होते. मी वही पुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि चक्क खूश झाले.

"अरे वा! शिकलात की हो! मग शेवटचं कलमही वाचा ना."

ते मी वाचलं नव्हतं. थकून आधीच थांबले होते. साहेबांनीच बोट ठेवलं. हा सगळा मजकूर सही करणारीला तिच्या भाषेत वाचून, समजावून सांगितला आहे, साक्षीदारासमक्ष. खाली माझी सही. सुबक, ठसठशीत.

"उद्या कोर्टात काय सांगणार, बाई? मला इंग्रजी येत नाही? एकोणीस वर्षं कोर्टाच्या दारात इंग्रजी टाइप करून?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला आणि त्यांनी कचऱ्याच्या डब्यात थुंकी टाकली. "शिपाईसुद्धा हसतील. आणि लॉ करताय म्हणे. खोटी साक्ष घातलेल्या बाईला वकिलीची सनद कोण देईल?"

"साहेब, ती माझी बहीण आहे. तुम्हाला माहीत होतं."

"होतं की. मी कुठे खोटं बोललो? तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. नाही विचारलं."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हतीच, पण कपटही नव्हतं. रोजचंच काम. मला तेच जास्त घाणेरडं वाटलं. खिशातलं कार्ड काढून ते पुन्हा दात कोरायला लागले. मी माझी पाण्याची बाटली, चष्म्याची डबी आणि खुर्चीवरची उशी उचलली आणि निघाले.

तशीच धाकटीकडे गेले. दारात दोन माणसं फीत धरून भिंती मोजत होती आणि धाकटी त्यांना चहा देत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"ताई, बघ! तीन वर्षांनी का होईना, भावजींनी छप्पर मनावर घेतलं. मापं घ्यायला माणसं पाठवलीत."

ती माणसं छपराकडे बघतसुद्धा नव्हती. दारापासून रस्त्यापर्यंत फीत ओढत होती. त्यांनी कप रिकामे केले, चहाची स्तुती केली आणि गेली. मग मी तिला सांगितलं. आडवळणं न घेता, वहीतून वाचून. आईला कळेल अशा मराठीत.

धाकटी मशीनवर बसली. कुणाच्या तरी सदऱ्याची बाही अर्धी राहिली होती, ती तिने पुरी केली. दोरा दातांनी तोडला. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल, निदान बोटात सुई टोचून घेईल. ती नुसती म्हणाली, "काय करायचं ते सांग."

शपथपत्र मीच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, मी लिहून देते, पण मी ऐकलं नाही. एकोणीस वर्षांत आपल्या मनाचं पहिलं इंग्रजी वाक्य, आणि तेही कशासाठी, तर मला इंग्रजी येत नव्हतं हे सांगायला. 'व्हेअरॲज' घातला नाही. 'हिअरबाय' घातला नाही. ओळी सात झाल्या. मॅडमनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि म्हणाल्या, एवढ्यावर विक्री थांबवायचा हुकूम मागता येईल. उद्या सकाळी दाखल करायचं ठरलं.

संध्याकाळी मॅडमच्या ऑफिसात धाकटी आली. तिच्या दाव्याच्या कागदावर तिची सही हवी होती, आणि माझं शपथपत्र त्याला जोडायचं होतं. मी पेन पुढे केलं. पूर्वी ती पेन घ्यायची आणि मी बोट ठेवीन तिथे सही करायची. या वेळी तिने पेन टेबलावर ठेवलं.

"वाच," ती म्हणाली. "आधी तुझा कागद. इंग्रजीत एक ओळ, मग तिचं मराठी."

मॅडमनी फाइलीत तोंड घातलं. मी वाचायला लागले. मी अमुक ऑफिसात एकोणीस वर्षं टायपिस्ट होते. हा दस्त मी टाइप केला. मला त्याचा अर्थ कळत नव्हता. दस्त माझ्या बहिणीला कुणी वाचून दाखवला नाही. छपराच्या दुरुस्तीची संमती आहे, एवढंच तिच्या दिरांनी आम्हाला सांगितलं. दस्तातलं शेवटचं कलम खोटं आहे. त्याखालची साक्षीदाराची सही माझी आहे.

प्रत्येक ओळीला धाकटी "हं" म्हणत होती, माप लिहून घेताना म्हणते तसं. सात ओळी संपल्या.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मी तुला विचारलं होतं ते कुठे आहे?"

मी कागद खाली ठेवला.

"पेन हातात घेऊन मी तुला विचारलं, ताई, वाचलंस ना, ठीक आहे ना सगळं. भावजी होते, तुझे साहेब होते. तू मान हलवलीस. होय म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "मी काय तुझ्या साहेबांच्या भरवशावर सही केली? की भावजींच्या?"

साहेब म्हणाले होते, तिने विचारलं नाही. मीही ते चालवून घेतलं होतं. तीन वर्षांत ती मान मला एकदाही आठवली नव्हती, असं मी म्हणेन तर तेही खोटंच. सात ओळी लिहिताना ती दर ओळीला आठवत होती.

मॅडमनी फाइलीतून डोकं वर काढलं. "त्याने दावा भक्कम होईल, यात शंका नाही. पण काकू, विचार करा. न कळणं वेगळं, आणि कळलं म्हणून सांगणं वेगळं. पुढे सनदेच्या वेळी हे कागद निघतील."

मी धाकटीकडे पाहिलं. तिच्या दंडाला दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. एरवी मी हात पुढे करून काढला असता. आज हात पुढे होईना, माझ्याच हाताची मला घाण वाटत होती.

"तेही लिही," धाकटी म्हणाली.

मी मॅडमच्या कॉम्प्युटरपाशी बसले आणि आठवी ओळ लिहिली. तिने मला विचारलं, तू वाचलंस का. मी मान हलवून होय म्हटलं. मी वाचलं नव्हतं. प्रिंटरमधून कागद बाहेर आला, गरम होता. मी तो तिच्यापुढे धरला आणि पेन दिलं.

तिने पेन घेतलं, पण टोपण काढलं नाही.

"आता परत वाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून."